खानदेशातील हुन्नरशिक्षण

फैजपूर हे पूर्व खानदेशातील गाव आज १९३६ सालच्या काँग्रेस अधिवेशनामुळे सर्वश्रुत असले, तरी त्याच्या अर्धशतकाहून अधिक काळ आधी, १८८० साली प्रसिद्ध झालेल्या खानदेश जिल्ह्याच्या सरकारी गॅझेटियरात त्याची ख्याती नमूद झाली आहे ती तेथील छापील कापडामुळे आणि गडद निळ्या व तांबड्या रंगांमुळे. ग्राफिक डिझाइन, वीजकाम आणि रसायनशास्त्र यांचे अभ्यासक्रम आज जळगाव-धुळ्यास निरनिराळ्या इमारतींत आणि निरनिराळ्या खात्यांच्या अंमलाखाली चालतात; परंतु त्यांपैकी पहिली आणि शेवटची अशा दोन विद्या एकेकाळी या मुलखात रंगाऱ्याच्या एकाच अंगणात शिकल्या जात होत्या, ही गोष्ट शिक्षणाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी फारशी मनावर घेतलेली नाही.

ती विद्या किती सूक्ष्म होती हे कळण्यासाठी आल नावाच्या झाडाच्या मुळ्यांतून निघणाऱ्या तांबड्या रंगाची जुनी रीतच पाहावी. दोन-तीन वर्षे जमिनीत वाढू दिलेल्या आलीच्या मुळ्या खणून त्यांची साल कुटावयाची. कापड आधी एरंडेल आणि खार यांत मुरवून, मग हिरड्याच्या पाण्यातून काढून वाळवावयाचे. आणि त्यानंतर, जेथे तांबडा रंग हवा तेथे तुरटीचे आणि जेथे काळा हवा तेथे गंजलेल्या लोखंडाचे पाणी डिंकात कालवून कोरीव लाकडी ठशाने उठवावयाचे. या क्षणी कापडावर नक्षी जवळजवळ दिसतच नाही. सबंध कापड आलीच्या काढ्यात उकळले, की तुरटीने धरून ठेवलेला रंग तेवढ्याच जागी पक्का बसतो आणि बाकीचा धुऊन निघून जातो. निळीचे कुंड याहूनही अवघड, कारण नीळ पाण्यात विरघळत नाही. चुना आणि गूळ घालून ती आंबविली म्हणजे मगच द्रवरूप होते, आणि कुंडातून हिरवट-पिवळे निघालेले कापड हवेतील प्राणवायूच्या संपर्काने पाहता पाहता निळे पडते. क्षपण आणि ऑक्सिडीकरण या संज्ञा ज्याच्या कानी कधी आल्या नव्हत्या, तो रंगारी कुंडाच्या वासावरून आणि फेसाच्या छटेवरून या दोन्ही क्रियांची वेळ ओळखीत असे. येथे नक्षी आणि रसायन अलग करताच येत नाहीत, कारण ठसा उठविणे हीच रासायनिक क्रिया होती.

अंगणाच्या या शाळेत प्रवेश मात्र जन्मानेच मिळे. बापाच्या हाताखाली मुलगा तयार होई, बाहेरच्यास त्या अंगणात जागा नसे, आणि प्रमाणे कागदावर उतरविण्याची चाल फारशी नसल्यामुळे व्यवसायावर घाला पडताच विद्याही उघड्यावर पडली. १८६८ साली जर्मन रसायनज्ञ ग्रेब आणि लिबरमान यांनी अलिझरिन हे तांबडे रंगद्रव्य प्रयोगशाळेत सिद्ध केले, १८९७ साली कृत्रिम नीळ बाजारात आली, आणि डब्यातून मिळणाऱ्या स्वस्त रंगापुढे आलीची शेते टिकली नाहीत.

रेखनाचे शिक्षण सरकारी मार्गाने आले ते मुंबईहून. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लक्ष रुपयांच्या देणगीतून १८५७ साली सुरू झालेल्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून सुमारे तेरा वर्षे आपल्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करविल्या. लेणी निजामाच्या हद्दीत असली तरी खानदेशाच्या सीमेला लागूनच होती. त्यापूर्वी हेच काम एकहाती करणारे रॉबर्ट गिल १८७९ साली वारले आणि त्यांची कबर भुसावळास आहे. गिल यांच्या प्रतिकृतींपैकी बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ साली जळाल्या आणि ग्रिफिथ्स यांच्या अनेक १८८५ साली साउथ केन्सिंग्टनमध्ये. तरी विद्यार्थ्यांच्या हाताला लागलेले वळण जळाले नाही. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या रेखनपरीक्षांच्या द्वारे मुंबईच्या कलाशाळेची शिस्त तालुक्याच्या शाळांपर्यंत झिरपली, आणि ड्रॉइंगमास्तर हा खानदेशातील कित्येक मुलांचा कलेतील पहिला आणि एकमेव गुरू झाला.

पुढे फैजपूरच्याच शिवारात, ग्रामीण भागात भरलेल्या त्या पहिल्या काँग्रेस अधिवेशनाची सजावट गांधीजींच्या आग्रहावरून शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांनी बांबू, चटया आणि गावात मिळणाऱ्या साहित्यातून उभी केली. वर्ष उलटण्यापूर्वी, ऑक्टोबर १९३७ मध्ये, वर्ध्याच्या परिषदेत हस्तोद्योगाला शिक्षणाचा गाभा मानणारी योजना मांडली गेली. एकीतून दुसरी निघाली असे मी म्हणत नाही. परंतु हाताने केलेले काम हे बुद्धीचेच काम आहे, ही श्रद्धा दोन्हींच्या मुळाशी होती.

विजेचे शिक्षण खानदेशात परंपरेशिवाय आले, आणि मला वाटते तेच त्याचे भाग्य. भुसावळच्या रेल्वे कारखान्यात उमेदवारी करून जोडारी आणि लोहार तयार होत होतेच. स्वातंत्र्यानंतर १९५० साली केंद्र सरकारने कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली, १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला, आणि लोक ज्यांना सरसकट आयटीआय म्हणतात त्या संस्थांतून वीजतंत्री आणि तारतंत्री बाहेर पडू लागले. तिकडे दीपनगरचे औष्णिक वीजकेंद्र चालू झाले, रेल्वेमार्गावर विजेची इंजिने धावू लागली, आणि विहिरीवर मोट जाऊन मोटार आली. ही मोटार जळाली म्हणजे केळीच्या बागेचे पाणी तुटते; म्हणून तिची गुंडाळी भरणारा कारागीर वैद्याइतकाच निकडीचा ठरला. या धंद्यावर कोणत्याही जातीची सनद नव्हती. शेतमजुराचा मुलगा दोन वर्षे शिकून, परवाना काढून, बाजारपेठेत दुकान थाटू शकला, ही क्रांती कोणत्याही सभेत जाहीर झाली नाही, पण ती घडली.

रसायनशास्त्राचा मार्ग अधिक वाकडा आहे. १९४५ साली अमळनेरास प्रताप महाविद्यालय स्थापन झाले, जळगावास मूळजी जेठा महाविद्यालय स्थापन झाले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमळनेरातच वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी निघाली, जिचे नाव पुढे संक्षेपाने विप्रो झाले. भुईमुगाच्या तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन मिसळवून वनस्पती तूप करणे हे शुद्ध रसायनशास्त्र होते. तरीही पदवीचे रसायन वेगळे आणि कारखान्याचे रसायन वेगळे, असा भेद आपल्या शिक्षणव्यवस्थेने फार काळ जोपासला. पदवीधर विद्यार्थी विज्ञान शिकला असे मानले गेले आणि कारखान्यातील कामगार केवळ काम शिकला असे. १९७८ साली जळगावास पपईच्या चिकापासून पपेन शुद्ध करण्याचा उद्योग भवरलाल जैन यांनी उभारला, तेव्हा शेतातील पीक आणि प्रयोगशाळा यांची गाठ प्रत्यक्षात पडली. १९९० साली स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने, ज्यास २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे, रसायनतंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग काढून तेले आणि रंगलेप हे विषय अभ्यासक्रमात आणले. रंगाऱ्याचे शास्त्र अशा रीतीने खानदेशात पुन्हा शिकविले जाऊ लागले, आणि या वेळी जन्माची अट नव्हती.

ही अट गेली हा लाभ इतका मोठा आहे, की जुन्या अंगणाविषयी हळहळताना तो क्षणभरही विसरू नये. परंतु ठशाची नक्षी आणि तुरटीचे प्रमाण एकाच हाताला ठाऊक असणे ही त्या अंगणाची श्रेष्ठता होती, आणि आजच्या संस्थांनी ती गमावली आहे असे माझे स्पष्ट मत आहे. डिझाइनच्या विद्यार्थ्यास शाईचे रसायन आणि रसायनाच्या विद्यार्थ्यास रेखन अनिवार्य करणे ही काही अशक्य गोष्ट नव्हे.

धुळ्यास १९२७ सालापासून इतिहासाचार्य राजवाडे यांच्या नावाचे संशोधन मंडळ आहे, आणि पोथ्या व दप्तरे जपण्याची विद्या तेथे आहे. ज्या वाचकांच्या घरी रंगाऱ्याचे जुने ठसे, रंगांची प्रमाणे टिपलेली वही, भुसावळच्या उमेदवारीचे कागद किंवा आयटीआयच्या पहिल्या तुकडीची प्रमाणपत्रे पडून असतील, त्यांनी ती रद्दीत न घालता तेथे किंवा आपल्या जवळच्या महाविद्यालयात नेऊन द्यावीत, आणि ती स्वीकारणाऱ्यांनी त्यांची नोंद वतनाच्या कागदांइतक्याच काळजीने करावी.