पूर ओसरतो, मग घर कोण उभे करते?

३० जुलै १९९१ हा दिवस नागपूर जिल्हा विसरू शकत नाही. त्या दिवशी वर्धा नदीने मोवाड गावात शिरून २०४ माणसांचा बळी घेतला. नरखेड तालुक्यातले, संत्र्याच्या पट्ट्यातले, ब्रिटिश अमदानीपासून नगरपालिका असलेले हे गाव. नदी ओलांडली की अमरावती जिल्हा. मातीच्या भिंती आणि वर कवेलू, अशी शेकडो घरे पाण्याने विरघळून गेली. दुसऱ्या दिवसापासून मंत्री आले, वर्तमानपत्रांचे छायाचित्रकार आले, धान्य आणि कपड्यांच्या गाड्या आल्या. ही मदत मोलाचीच होती. तिने माणसे जगवली.

पण मंडळी, जगणे आणि घर उभे राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धान्याची गाडी एकदा येते. घर मात्र हप्त्याहप्त्याने उभे राहते. आधी पाया, मग भिंती, मग छप्पर आणि उरले तर दार-खिडक्या. प्रत्येक टप्प्याला पैसा लागतो आणि तो वेळेवर लागतो. आपत्तीत घराबरोबर भांडीकुंडी, बैलजोडी, दुकानातला माल आणि सातबाराचा कागदही गेलेला असतो. अशा माणसाला कर्ज कोण देणार? त्याच्याजवळ तारण ठेवायला काय उरले आहे? प्रश्न जुना आहे. त्याची उत्तरे शोधणारी माणसेही जुनी आहेत.

गेल्या पावणेदोनशे वर्षांतले एक उत्तर जर्मनीत सापडले. १८४६-४७ च्या हिवाळ्यात तिथे दुष्काळ पडला होता. फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझेन हा एका खेडेगावचा तरुण नगराध्यक्ष. त्याने आधी गावातल्या सुखवस्तू लोकांकडून पैसे गोळा करून गरिबांना भाकरी पुरवली. काही वर्षांत त्याच्या ध्यानात आले, की दानावर चालणारी संस्था दात्याचा उत्साह संपला की संपते. म्हणून १८६४ मध्ये त्याने कर्ज घेणाऱ्यांचीच सभासद म्हणून पतसंस्था काढली. तारण होते एकमेकांच्या शब्दाचे. कोण कष्टाळू आहे आणि कोण बुडवेल, हे गावाला ठाऊकच असते. सावकारालाही ते ठाऊक असते, पण तो त्या माहितीचा भाव वसूल करतो. इथे तीच माहिती सर्वांच्या कामी आली.

हा विचार आपल्याकडे पोचायला फार वेळ लागला नाही. १८८९ मध्ये विठ्ठल लक्ष्मण कवठेकर या मराठी गृहस्थांनी बडोद्यात ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ स्थापन केली. भारतातल्या सहकारी पतपुरवठ्याच्या अगदी आरंभीच्या प्रयोगांत तिची गणना होते. त्याआधी १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले होते, त्याला आपण दख्खनचे दंगे म्हणतो. त्या धगीनंतर बऱ्याच वर्षांनी, १९०४ मध्ये, सरकारने सहकारी पतसंस्थांचा कायदा केला. त्यात खेड्यांसाठी रायफायझेनचाच नमुना घेतला होता. महाराष्ट्राच्या सहकाराचे एक मोठे नाव म्हणजे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ. त्यांचे शालेय शिक्षण नागपूरच्या पटवर्धन हायस्कुलात झाले, हे नागपूरकरांनी अभिमानाने सांगावे असे आहे.

ही सहकारी पत पेरणीसाठी मिळाली, उसासाठी मिळाली. कोसळलेल्या घरासाठी मात्र तिचा विचार आपल्याकडे फारसा झाला नाही. तो शेजारच्या बांगलादेशात झाला. मोवाडच्या तीनच महिने आधी, २९ एप्रिल १९९१ रोजी, चितगावच्या किनाऱ्यावर आलेल्या चक्रीवादळात एक लाखाहून अधिक माणसे दगावली. त्या देशाला वादळ आणि पूर नवे नाहीत. तिथल्या ग्रामीण बँकेने १९८४ पासूनच गरीब सभासदांना घरासाठी कर्ज द्यायला सुरुवात केली होती. १९८७ आणि १९८८ च्या महापुरांनी तर देशाचा मोठा भाग बुडवला आणि या कर्जाची गरज आणखीच ठळक झाली. घर अगदी साधे असे. सिमेंट काँक्रीटचे चार खांब, वर पत्र्याचे छप्पर, सोबत शौचालय. भिंती बांबूच्या किंवा आणखी कशाच्या, ते ज्याने त्याने ठरवावे. पाणी आले आणि भिंती गेल्या, तरी खांब आणि छप्पर टिकावे, एवढा साधा हिशेब होता. परतफेड आठवड्याच्या हप्त्यांनी करायची. १९८९ मध्ये या योजनेला वास्तुकलेतला आगा खान पुरस्कार मिळाला.

या योजनेत एक अट होती आणि माझ्या मते तीच तिचा आत्मा होती. घराखालची जागा कर्ज घेणाऱ्याच्या नावावर हवी. आता बँकेच्या सभासदांत बहुसंख्य स्त्रिया. तेव्हा नवऱ्याला जागा बायकोच्या नावे करून द्यावी लागे. घरातून केव्हाही बाहेर काढली जाऊ शकणारी बाई त्या कागदाने घराची मालकीण झाली. चार खांबांचे कर्ज देताना बँकेने पाचवा खांबही रोवला तो असा.

आपल्या महाराष्ट्रातला अनुभव किल्लारीचा. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणपती विसर्जन आटोपून लोक नुकतेच झोपले होते. चार वाजायला काही मिनिटे असताना लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांत भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसे गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे जड माळवद, हेच त्यांच्या अंगावर कोसळले. जागतिक बँकेच्या कर्जातून मोठा पुनर्वसन कार्यक्रम आखला गेला. सर्वाधिक पडझड झालेली ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. ती कामे मुख्यत्वे कंत्राटदार आणि देणगीदार संस्थांकडून झाली. या नव्या गावांबद्दल आपण पुष्कळ ऐकले आहे. आखीव रस्ते, सुटी सुटी घरे, आणि जुन्या गल्लीतला शेजार कुठल्या कुठे.

त्याच कार्यक्रमाच्या दुसऱ्या भागाची चर्चा मात्र कमी झाली. दोन हजारांहून अधिक गावांतली दीड लाखांहून अधिक घरे जागच्या जागी दुरुस्त आणि मजबूत करायची होती. हे काम कंत्राटदाराला न देता घरमालकानेच करायचे होते. पैसे टप्प्याटप्प्याने त्याच्या बँक खात्यात येत. एक टप्पा पुरा झाल्याचे अभियंत्याने पाहिले, की पुढचा हप्ता सुटे. गावोगाव ‘संवाद सहायक’ म्हणून स्थानिक महिलांना नेमले गेले. भिंतीला कोपऱ्यात आडवे बांध का घालायचे, माळवदाचे वजन का कमी करायचे, हे त्या घरोघर समजावून सांगत. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने या कामात मोलाची भूमिका बजावली. घर बांधण्यासाठी एकत्र आलेल्या या महिलांमधून पुढे बचत आणि कर्जाचे गट उभे राहिले. २००१ मध्ये कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा लातूरच्या बायका तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगायला गेल्या. ज्यांना मदत मिळाली होती त्या मदत करणाऱ्या झाल्या. पुनर्वसनाचे याहून मोठे यश कोणते?

आता थोडे दूर, अमेरिकेत जाऊ. कारण श्रीमंत देशातही हा प्रश्न सुटलेला नाही. २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना नावाचे चक्रीवादळ न्यू ऑर्लिन्सजवळ धडकले. शहराचे बांध फुटले आणि सुमारे ८० टक्के शहर पाण्याखाली गेले. त्या शहरात ‘लिबर्टी बँक’ नावाची एक बँक आहे. कृष्णवर्णीयांना इतर बँका दारात उभे करत नसत त्या काळाच्या आठवणी ताज्या असताना, १९७२ मध्ये ती स्थापन झाली. पहिल्या दिवसापासून ॲल्डन मॅकडोनल्ड हे तिचे प्रमुख होते. पुरात बँकेचे मुख्यालय बुडाले, बऱ्याच शाखा निकामी झाल्या. ग्राहक दूरदूरच्या राज्यांत पांगले होते. मॅकडोनल्ड यांनी बॅटन रूज या शेजारच्या शहरातून बँक पुन्हा सुरू केली. ज्या वस्त्यांत परतावे की नाही असा वाद मोठी माणसे घालत होती, त्या वस्त्यांमधले ग्राहक हीच या बँकेची पुंजी होती. वस्ती परतली नाही तर बँकही नाही, एवढी ती वस्तीशी बांधलेली होती.

सरकारी मदतीचे काय झाले? लुइझियाना राज्याने ‘रोड होम’ नावाची मोठी योजना आणली. तिचा नियम असा, की घराची वादळापूर्वीची किंमत किंवा बांधकामाचा खर्च, यातली जी रक्कम कमी असेल ती हिशेबाला धरायची. वरवर पाहता नियम सर्वांना सारखा. पण विटा, लाकूड आणि गवंड्याची मजुरी सगळीकडे सारखीच असते. कृष्णवर्णीयांच्या वस्तीत मात्र तसल्याच घराची बाजारातली किंमत कमी. म्हणजे सारखे घर, सारखे नुकसान, आणि हातात पडणारी रक्कम वेगळी. लोक न्यायालयात गेले आणि २०११ मध्ये तडजोड होऊन काहींना वाढीव रक्कम मिळाली. मधली वर्षे मात्र परत मिळाली नाहीत.

हे ऐकून आपण अमेरिकेला नावे ठेवू नयेत. आपल्याकडच्या मदतीच्या निकषांतही अशी रेघ आहे. केंद्र सरकारने २०२२ मध्ये ठरवलेल्या निकषांनुसार सपाट प्रदेशात पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार रुपये मिळतात, तर झोपडीला ८ हजार. शिवाय घर अधिकृत बांधकाम असल्याचा दाखला लागतो. नाल्याकाठी, नदीकाठी ज्यांची घरे सर्वांत आधी पाण्यात जातात, नेमका त्यांच्याकडेच हा दाखला नसतो. तलाठी पंचनामा करून जातो, आणि घरातली बाई विचारत राहते की आमचे नाव यादीत आहे का.

म्हणूनच जवळची, ओळखीची, आपली म्हणावी अशी बँक लागते. पण मंडळी, ‘आपली’ या शब्दाने फसायलाही होते, आणि नागपूरला हे वेगळे सांगायला नको. २००२ मध्ये नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेतला रोखे घोटाळा उघडकीस आला. शेतकऱ्यांच्या बँकेचे सव्वाशे कोटींहून अधिक रुपये सरकारी रोख्यांच्या व्यवहारात दलालांकडे अडकले. रोखे आलेच नाहीत. खटला रेंगाळत राहिला आणि डिसेंबर २०२३ मध्ये, एकवीस वर्षांनी, न्यायालयाने तत्कालीन अध्यक्षांसह सहा जणांना दोषी ठरवून पाच वर्षांची शिक्षा सुनावली. त्या निकालाविरुद्ध अपील झाले. कायद्याचा निकाल कायद्याच्या वाटेने जाईल. पण मधल्या काळात ज्या शेतकऱ्याला पेरणीसाठी, पडलेल्या गोठ्यासाठी, घराच्या छपरासाठी बँकेचे दार ठोठवायचे होते, त्याने कुठे जायचे? तो सावकाराकडेच गेला असणार. रायफायझेनने ज्याच्या तावडीतून खेडे सोडवायला सुरुवात केली, त्याच्याचकडे.

यातून शिकायचे ते हे, की आपत्तीतली बँक आपत्तीच्या आधी घडवावी लागते. लिबर्टी बँक पुरानंतर उभी राहू शकली, कारण तिची तेहतीस वर्षांची ओळख आधीपासून जमा होती. लातूरच्या बायकांचे गट टिकले, कारण दर महिन्याला हिशेबाची वही सर्वांसमोर उघडली जाई. ज्या संस्थेची वार्षिक सभा पाच मिनिटांत ‘मंजूर, मंजूर’ म्हणत उरकते, तिच्यावर पुराच्या दिवशी भिस्त ठेवता येत नाही. ठेवीवरचा विमा १९९३ पासून एक लाखापर्यंत होता, तो २०२० मध्ये पाच लाखांपर्यंत वाढला, हे बरे झाले. पण विमा ठेव वाचवतो, विश्वास वाचवत नाही.

नागपूरकरांना पूर म्हणजे दूरच्या नदीची गोष्ट वाटत असे. २२ आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या दरम्यानच्या रात्री तो समज गेला. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी घराघरांत शिरली. शासनाने बाधित कुटुंबांना १० हजार रुपये जाहीर केले. चिखल काढायला, गादी आणि धान्य घ्यायला ते उपयोगी पडले. खचलेल्या भिंतीला आणि बुडालेल्या शिलाई यंत्राला ते पुरणार नव्हतेच.

आज शहरात नागरी सहकारी बँका आहेत, पतसंस्था आहेत, वस्त्यावस्त्यांत महिलांचे बचत गट आहेत. त्यांनी पुढच्या पावसाळ्याची वाट पाहू नये. नदी-नाल्याकाठच्या सभासदांच्या घरांची नोंद आताच करावी. नफ्यातला थोडा भाग आपत्ती निधी म्हणून वेगळा काढावा. घर पडल्यास किती दिवसांत, किती कर्ज, कोणत्या व्याजाने आणि पहिला हप्ता किती महिन्यांनी, हे आधीच ठरवून सभासदांसमोर मंजूर करून घ्यावे. आणि घराचा कागद घरातल्या बाईच्याही नावे असावा, असा आग्रह धरावा. यासाठी नवा कायदा लागत नाही. सभेला वेळेवर जाणारे आणि ताळेबंद मागून घेऊन वाचणारे सभासद तेवढे लागतात.