कोस आणि घटका

पुण्याहून चाकण किती दूर, असें कोणीं विचारल्यास त्याचें उत्तर दोन प्रकारांनीं देतां येतें. जमिनीवर मोजलें तर अंतर सुमारें १८ मैल. प्रवासाच्या वेळानें मोजलें तर प्रत्येक काळाचें उत्तर निराळें. भूमि जागची हालत नाहीं. तरी गांवें एकमेकांजवळ येतात आणि पुनः दूरही जातात. या दुसऱ्या अंतराकडे इतिहासवाचकांचें जावें तितकें लक्ष जात नाहीं, असें आम्हांस वाटतें.

इ. स. १६६० च्या जूनच्या १९ तारखेस शाएस्तेखान पुण्याहून निघाला आणि २१ तारखेस चाकणच्या संग्रामदुर्गापुढें येऊन ठेपला. अहमदनगराकडून येणाऱ्या रसदेची वाट मोकळी व्हावी, हा त्याचा एक हेतु होता. १८ मैलांस त्या अवाढव्य लष्करास दोन दिवस पुरले. परंतु किल्ल्याच्या खंदकापासून आंतपर्यंतचें चार पावलांचें अंतर तोडावयास सुमारें ५५ दिवस लागले. भर पावसांत फिरंगोजी नरसाळ्यानें तो भुईकोट झुंजविला, आणि १४ ऑगस्टला सुरुंगानें बुरूज उडाला तेव्हांच खानाचा मार्ग खुला झाला. अंतर कोसांचें नसतें, अडथळ्यांचें असतें, हा त्यांतील बोध.

हाच बोध चिंचवडावरून जाणाऱ्या मुंबईच्या वाटेवरही दिसतो. तेथें अडथळा होता तो बोरघाटाचा. १८३० सालीं घाटांतून गाडीरस्ता खुला झाला. १८५८ सालीं पुणें ते खंडाळा आगगाडी धांवूं लागली, तरी मधला घाट उतारूंस पालखींतून किंवा तट्टावरूनच ओलांडावा लागे. २१ एप्रिल १८६३ रोजीं घाटांतील लोहमार्ग पुरा झाला आणि मुंबई-पुणें प्रवास कांहीं तासांचा झाला. पण ते तास फुकट मिळाले नव्हते. कातळ फोडतांना, पटकीनें व अपघातांनीं, हजारों मजूर तेथें कामास आले. त्यांचीं नांवें कोणत्याही स्थानकावर कोरलेलीं नाहींत.

पुढें १९३० सालीं दख्खनची राणी तीन तासांच्या आंत पुण्यास पोंचूं लागली. १९५४ सालीं पिंपरीस प्रतिजैविकांची सरकारी कंपनी निघाली. मागोमाग माळरानावर कारखान्यांची रांग उभी राहिली. २००२ सालीं पुरा झालेला द्रुतगतिमार्ग पिंपरी-चिंचवडच्या हद्दींत किवळ्यास येऊन मिळतो. मुंबई जवळ आली म्हणून कारखाने आले. आणि जागा पुरेना तेव्हां ते चाकणास गेले. चाकणजवळ विमानतळाचीही योजना पुष्कळ वर्षें चर्चेंत होती. ती शेवटीं पुरंदराकडे वळली.

आणि आज? मुंबईहून विमानानें निघालेला उतारू दोन तासांत दिल्लीस उतरतो. भोसरीहून निघालेला कामगार मात्र मोशी ओलांडून चाकणच्या तळेगांव चौकांत गाड्यांच्या गर्दीमध्यें तिष्ठत बसतो. ज्याच्या हातांनीं मोटारी घडतात, त्यालाच मोटारींनीं वाट अडविली आहे. त्याचा हा वेळ कारखान्याच्या हजेरींत नाहीं, रस्त्याच्या हिशेबांतही नाहीं. तो जातो त्याच्या झोंपेंतून आणि मुलांबाळांच्या वांट्यांतून.

अंतर कमी झालें असें म्हणतांना, कोणासाठीं आणि कोणाच्या खर्चानें, हें विचारणें म्हणूनच आवश्यक आहे. खानाच्या वाटेंत एक बुरूज होता. आजचा बुरूज आपणच रचिला आहे; तो उतरविण्यास सुरुंग नको, कामगाराच्या घटकेचें मोल जाणण्याची बुद्धि हवी.