रजिस्टरांच्या ताबेबदलाची हकीकत

एकाच यंत्राच्या पोटी अनेक यंत्रे नांदवण्याची विद्या आजकालची नव्हे. 1967 साली अमेरिकेतील केंब्रिज येथे आयबीएमची सीपी-40 ही प्रणाली नित्याच्या वापरात आली, तेव्हापासून एक यजमान आणि त्याच्या आश्रयाला आलेले, परंतु आपणच या वास्तूचे एकमेव धनी आहोत अशा समजुतीत सुखाने राहणारे पाहुणे, ही व्यवस्था संगणकाच्या जगात रूढ होत गेली. एक पाहुणा उठून दुसरा बसताना पहिल्याचे रजिस्टरांतील, म्हणजे प्रोसेसरच्या पोटातील इवल्या कप्प्यांतील, आकडे स्मृतीत उतरवून घ्यायचे आणि दुसऱ्याचे जागच्या जागी मांडायचे, हा तिचा मूळ शिरस्ता. अपूर्णांकांचे गणित करणारी फ्लोटिंग पॉइंट रजिस्टरे सिस्टिम/360 वर अवघी चार, प्रत्येकी 64 बिटांची होती. म्हणजे ओझे सारे 32 बाइटांचे.

1980 साली इंटेलची 8087 ही चिप आली. ती मुख्य प्रोसेसरापासून निराळी, आणि तिच्यातील 80 बिटांची आठ रजिस्टरे व त्यांच्यासोबतचे नियंत्रणाचे तपशील मिळून 94 बाइटांचे दप्तर होई. पुष्कळ यंत्रांत ही चिप नसेच, आणि असेल तेथेही मोजक्याच प्रोग्रामांना तिची गरज पडे. तेव्हा प्रत्येक बदलाच्या वेळी हे दप्तर निष्कारण बांधायचे आणि सोडायचे कशासाठी, असा प्रश्न उभा राहिला. 1982 च्या 80286 मध्ये त्यावर एका बिटाची तजवीज झाली. कार्य बदलले की हा बिट उभा राही. रजिस्टरांत मात्र आधीच्याच मालकाचे आकडे तसेच पडून राहत. नवा मालक अपूर्णांकाला हात न लावता निघून गेला तर सगळाच खटाटोप वाचला. पण त्याने एकादी दशांश बेरीज करायला घेतलीच, तर प्रोसेसर तेथल्या तेथे थबकून सात क्रमांकाची वर्दी (एक्सेप्शन) देई. मग व्यवस्थापक, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, धावून येई, जुने आकडे काढून नवे मांडी, बिट खाली पाडी आणि अडलेली बेरीज पुन्हा पहिल्यापासून चालवी. काम निकडीचे होईपर्यंत पुढे ढकलायचे, म्हणून या रीतीला ‘लेझी’ हे नाव पडले.

2003 साली जगापुढे आलेल्या झेनने आणि 2007 साली लिनक्सच्या गाभ्यात सामील झालेल्या केव्हीएमने, या दोन्ही हायपरव्हायझरांनी, म्हणजे पाहुण्यांची व्यवस्था पाहणाऱ्या यजमान प्रणालींनी, हीच वहिवाट पुढे चालवली. 2005 च्या अखेरीस इंटेलने प्रोसेसरातच पाहुण्यांच्या सरबराईची सोय केली खरी. परंतु प्रवेशाच्या व निर्गमाच्या वेळी पुष्कळ गोष्टींची अदलाबदल आपणहून करणारे ते हार्डवेअर फ्लोटिंग पॉइंट रजिस्टरांना शिवत नसे, आणि ती जबाबदारी सर्वस्वी हायपरव्हायझरच्या माथी राही.

दरम्यान परिस्थिती पालटत होती. 1999 मध्ये एसएसई ही रुंद रजिस्टरांची जोड आली, तेव्हा दप्तर 512 बाइटांचे झाले होते. पुढे एव्हीएक्स-512 च्या बत्तीस रजिस्टरांनाच 2048 बाइट लागू लागले. ओझे वाढले, परंतु त्याहून अधिक वाढला वापर. कारण स्मृतीतील मजकूर इकडून तिकडे हलवण्याची साधी कामेही याच रुंद रजिस्टरांतून होऊ लागली, आणि ज्याला अपूर्णांकांशी काडीचे कर्तव्य नाही असा प्रोग्रामही त्यांना हात घालू लागला. आता बचत थोडी आणि वर्दीचा खर्च मोठा. 2016 साली लिनक्सने सर्वच प्रोसेसरांवर तत्काळ अदलाबदलीची रीत स्वीकारली.

हा निर्णय काटकसरीच्या हिशोबाने झाला होता. त्याचे खरे मोल जून 2018 मध्ये कळले. त्या महिन्यात लेझी रीतीत उघड झालेला दोष असा : सात क्रमांकाची वर्दी अंमलात येण्यापूर्वीच्या निमिषमात्रात प्रोसेसर पुढील हुकूम अटकळीने चालवून पाही, आणि तेवढ्यात मागे राहिलेले परक्याचे आकडे वाचून त्यांच्या खुणा कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरजवळच्या जलद स्मृतीत, सोडी. त्या खुणा, कोणता पत्ता किती वेळात वाचला जातो हे मोजून, ओळखता येत. एईएस कूटलेखनाच्या किल्ल्या याच रजिस्टरांतून फिरत असल्यामुळे शेजारच्या पाहुण्याची तिजोरीच उघडी पडण्याचा प्रसंग होता. झेनसह अनेकांना घाईने दुरुस्त्या कराव्या लागल्या.

पुढे मॅट्रिक्सच्या गणितासाठीच्या एएमएक्स या सोयीच्या आठ टाइलांचे (मोठ्या रजिस्टरांचे) 8192 बाइट आले, तेव्हा सातवी वर्दी पुन्हा कामाला लागली. परंतु आता ती केवळ नव्या कोठाराची जागा प्रथम वापराच्या वेळी मागण्यासाठी, आणि 2022 मध्ये केव्हीएमने पाहुण्यांना हे साधन दिले ते आगाऊ परवानगीच्या अटीवर. जागा देण्यास विलंब करणे ही व्यवहाराची काटकसर आहे; एकाची ठेव दुसऱ्याच्या ताब्यात तशीच राहू देणे ही काटकसर नव्हे. छत्तीस वर्षे सोयीची ठरलेली ती रीत चतुर होती, तरी जे केवळ सातव्या वर्दीच्या पहाऱ्यावर विसंबून होते ते सुरक्षित कधीच नव्हते.