सणांतले साधे दिवस

भाद्रपदाच्या पहिल्या आठवड्यात मराठी घरांतली ताटे कशी बदलत जातात ते पाहण्यासारखे आहे. तृतीयेला हरतालिकेचा कडक उपास, चतुर्थीला मोदक आणि पंचमीला ऋषीची भाजी. या भाजीत अळू, सुरण, पडवळ, दोडका, अंबाडी एकत्र शिजते, तीही पुष्कळ घरांत फोडणीशिवाय; बैलाच्या कष्टाचे धान्य त्या दिवशी वर्ज्य असते. पुढे अनुराधा नक्षत्रावर गौरी घरी येतात तेव्हा नैवेद्य असतो भाजी-भाकरीचा, आणि ज्येष्ठा नक्षत्रावर पुरणपोळी. तपशील जातीनुसार, प्रांतानुसार बदलतात. काही घराण्यांत गौरीला तिखटाचा, म्हणजे मांसाहारी नैवेद्यही असतो. पण जड जेवणाच्या मागेपुढे साधे जेवण, हा मेळ बहुतेक ठिकाणी सापडतो. सणासुदीत प्रकृती बिघडली की आपण त्याचे खापर पुरणावर आणि तुपावर फोडतो. मला हा आरोप चुकीचा वाटतो. पुरण पूर्वीही होते. नाहीसा झाला आहे तो त्याच्या शेजारचा साधा दिवस.

हा मेळ निव्वळ योगायोगाने बसला असे मानणे कठीण आहे. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने 13व्या शतकात ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा प्रचंड ग्रंथ रचला आणि त्याच्या व्रतखंडात शेकडो व्रते एकत्र केली. याच हेमाद्रीने वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वर ‘आयुर्वेदरसायन’ नावाची टीकाही लिहिली. पावसाळ्यात जठराग्नी मंद होतो, म्हणून आहार बेताचा हवा, हे वाग्भटाच्या ऋतुचर्येत आहे. पोटाचे दोन भाग अन्नाने, एक द्रवाने भरावा आणि चौथा मोकळा ठेवावा, हेही त्याने सांगितले आहे. व्रते आरोग्यासाठीच निघाली असे यावरून सिद्ध होत नाही, हे मान्य करायला हवे. व्रत करणाऱ्याला पुण्य हवे होते. परंतु पथ्य जाणणारा आणि व्रते जुळवणारा माणूस एकच असू शकत होता, आणि आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतचा चातुर्मास पचनाच्या त्या कठीण महिन्यांपासूनच सुरू होतो.

यावर एक भक्कम आक्षेप आहे. आषाढ-श्रावणात जुने धान्य संपत आलेले, नवे पीक अजून शेतात. साठवणीचा कांदा ओलीने सडू लागलेला. कोळ्याची होडी किनाऱ्याला ओढलेली. जे मिळतच नाही ते सोडण्यात संयम कसला? आक्षेप खरा आहे. आषाढातली कांदेनवमी आणि श्रावणाच्या तोंडावरची गटारी पाहिली, तर लोकांना सोडणे जड जात होते हेही कळते. पण टंचाई ही नियमाची एक आई असली तरी तो तिच्याबरोबर संपायला हवा असे नाही. उलट आता वाणसामान बाराही महिने मिळते, म्हणून हात आखडायला लावणारे दुसरे काहीच उरलेले नाही. दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो: या उपासांचा भार मुख्यतः बायकांवर पडला. दिवसभर उपाशी राहून तीच बाई इतरांसाठी पुरण वाटत होती. ती रीत परत यावी असे कोणी म्हणू नये. साधा दिवस असेल तर तो साऱ्या घराचा असावा, चुलीपाशी उभ्या असलेल्या माणसाचाही.

उपास मात्र गेला नाही. तो आतून बदलला. साबुदाण्याच्या खिचडीत साबुदाणा, शेंगदाणा, बटाटा आणि मिरची असते. शेंगदाणा, बटाटा, मिरची आणि ज्या कंदापासून आपला साबुदाणा बनतो तो टॅपिओका, हे चारही मूळचे अमेरिका खंडातले. हेमाद्रीला यांतले एकही ठाऊक असणे शक्य नव्हते. तमिळनाडूतल्या सेलम भागात साबुदाण्याचा धंदा उभा राहिला तो 1940 च्या दशकात, महायुद्धाने आग्नेय आशियातून येणारा माल अडवल्यावर. जुन्या निषेधांच्या यादीत नसलेले हे पदार्थ उपासाला चालू लागले, आणि पिष्ट, तेलबी व तूप यांचे ते ताट रोजच्या भाजी-भाकरीहून जड झाले. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण दाखवून कोणी म्हणेल की लोक नेहमीच असे वागत आले. मला म्हणीतला टोमणा महत्त्वाचा वाटतो. दुप्पट खाणे ही लबाडी आहे हे म्हण रचणाऱ्यांना कळत होते.

दिवाळीचेही तसेच. साखर महाग होती तोवर लाडू-करंज्या वर्षातून एकदाच होत. 1950 च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला, त्यामागून कितीतरी निघाले, आणि हे शेतकऱ्याच्या दृष्टीने चांगलेच झाले. पण आज फराळाचे डबे दिवाळीच्या आधीच उघडतात. नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान आणि देवाला नैवेद्य, त्यानंतरच फराळ, ही जुनी शिस्त बऱ्याच घरांत सुटली आहे. नरकचतुर्दशीच्या आधी येते ती वसुबारस. त्या दिवशी व्रत करणाऱ्या बायका गहू आणि दूध टाळून बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी खातात. कॅलेंडरवर ती तिथी अजून छापलेली असते, आणि नवी बाजरी तेव्हा नुकतीच बाजारात आलेली असते.