श्रीरामपूरचे खिळे

श्रीरामपूर म्हटले की आपल्याला अहिल्यानगर जिल्ह्यातले गाव आठवते. कोलकात्याच्या मराठी मंडळींचे खरे श्रीरामपूर मात्र हावड्याहून लोकलने जाता येईल इतके जवळ, हुगळीच्या काठी आहे. तिथल्या मिशनच्या छापखान्यात १८०५ साली विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण छापले गेले. त्यांना साहाय्य होते पंडित वैजनाथ यांचे.

११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी या छापखान्याला आग लागली. कागदाचे साठे, हस्तलिखिते, अनेक लिप्यांचे खिळे, म्हणजे टाइप, गेले. पण खिळे पाडण्यासाठी लागणारे पोलादी पंच ढिगाऱ्याखाली शाबूत सापडले. वितळून पसरलेला धातू गोळा करून त्याचेच नवे खिळे ओतले गेले आणि काही महिन्यांत काम पुन्हा मार्गी लागले. पंचानन कर्मकार यांनी तिथे रुजवलेली विद्या अशी कामी आली.

शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा हा मिश्रधातू पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ छापखान्यांत असाच फिरत राहिला. झिजलेला खिळा भट्टीत आणि भट्टीतून पुन्हा खणात. आपली स्मरणिका एका हिंदी छापखान्यात खिळ्यांवर जुळवली जायची, तेव्हा तिथे ‘ळ’ मोजकेच असत. चार पाने छापून झाली की ते सोडवायचे आणि मग पुढची पाने जुळवायची. ‘टिळक’ आणि ‘मंडळ’ यांचा आम्हाला तेव्हा रागच यायचा!

काटकसरीची ही गोष्ट ऐकायला गोड वाटते. जुळारी मात्र काळ्या बोटांनीच मुडी खात. शिशाची धूळ हातातून तोंडात जाई, भट्टीची वाफ छातीत जाई. पोटशूळ, रक्तक्षय, हातापायांतली शक्ती जाणे हे शिशाचे जुने रोग. गूळ खाल्ला की शिसे बाधत नाही अशी समजूत होती. तिला आधार काहीच नव्हता. धातू वाया जात नव्हता, माणूस जात होता.

शाईची कथा उलटी आहे. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाछापावर पंचांग छापले, तेव्हा शाईही स्वतःच बनवली. त्या काळी छपाईची शाई म्हणजे मुख्यतः जवसाचे तेल आणि काजळी. विसाव्या शतकात वृत्तपत्रांच्या शाईत खनिज तेल आले. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेतल्या वृत्तपत्रांनी पर्याय शोधला आणि १९८७ साली कोलोरॅडोतल्या एका दैनिकाने सोयाबीन तेलाची शाई वापरली. आज तिला ‘हरित शाई’ म्हणतात. तेल वनस्पतीचे असले तरी रंगद्रव्य आणि यंत्र धुण्याचे द्रावण तेच असू शकते, हे त्या लेबलावर नसते.

ऑफसेट आले, संगणक आला, शिसे गेले. हे फार चांगले झाले. ॲल्युमिनियमच्या प्लेटा भंगारवाला नेतो, कारण त्यांचे पैसे येतात. फिल्म धुतलेल्या पाण्यातली चांदीही लोक काढून घेत. ज्याचे पैसे येत नाहीत ते, म्हणजे प्लेटचे डेव्हलपर आणि शाई पुसलेले रॉकेल, कुठे जाते?

मागच्या वर्षी प्रूफ आणायला गेलो होतो. कारागिराने माझ्यासमोर एक डबा मोरीत ओतला. विचारले तर म्हणाला, “गंगेत जातं.” खरे तर मूळ शहराचे बहुतेक सांडपाणी गंगेत जात नाही, ते पूर्वेकडच्या पाणथळीत जाते. २००२ साली तिला रामसर दर्जा मिळाला. तिथल्या भेऱ्यांत त्या पाण्यावर मासे वाढतात आणि तेच आपल्या बाजारात येतात. हे सांगितल्यावर तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “मालकांना सांगा.”

मालकांना सांगितले. वापरलेले द्रावण पिंपात साठवून परवानाधारकाकडे द्यायचे तर त्याचा खर्च बिलात लावावा लागेल, असे ते म्हणाले. तो खर्च या वर्षी समितीने मान्य केला आहे. प्रतीही घरटी एकच काढली आहे, कारण कपाटात जुन्या अंकांचे चार गठ्ठे अजून पडून आहेत.