गोड पदार्थ, घरगुती : कोल्हापूर परिसर

घरातील चुलीवर, सण, व्रत, संस्कार किंवा पाहुणचार यांच्या निमित्ताने केल्या जाणाऱ्या गोड खाद्यपदार्थांना घरगुती गोड पदार्थ म्हणतात. हलवायाच्या दुकानात विकल्या जाणाऱ्या मिठाईहून त्यांचे स्वरूप भिन्न असून ते मुख्यतः गावात पिकणारे धान्य, दूधदुभते आणि उपलब्ध गोडी यांवर अवलंबून असते. कोल्हापूर व त्याच्या उत्तरेस पंचगंगेच्या काठी वसलेला कसबा बावडा हा परिसर उसाचा, गुळाचा व पुढे साखरेचाही असल्यामुळे या तिहेरी संबंधाचा इतिहास तेथे विशेष स्पष्टपणे दिसतो.

उसापासून होणाऱ्या गोड द्रव्यांचे फाणित, गुड, मत्स्यंडिका, खंड व शर्करा असे प्रकार कौटिलीय अर्थशास्त्रात आढळतात. कल्याणीच्या चालुक्य वंशातील तिसऱ्या सोमेश्वराच्या मानसोल्लास (बारावे शतक) या ग्रंथातील अन्नभोगाच्या प्रकरणात दख्खनमधील मांडे व दुधाचे गोड पदार्थ वर्णिले आहेत. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात रघुनाथपंडिताने भोजनकुतूहल हा ग्रंथ रचला. मात्र हे ग्रंथ राजदरबार व पंडितवर्ग यांच्या परंपरेतील होत. सामान्य घरातील पाककौशल्य आईकडून लेकीकडे व सासूकडून सुनेकडे तोंडी आणि हाताखाली काम करूनच जात असे.

गुळाचे पदार्थ : राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी ही व्यापारपेठ वसविली आणि ती गुळाची मोठी बाजारपेठ म्हणून प्रसिद्धीस आली. गुऱ्हाळात काहिलीतील रस उकळताना भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून मळी काढतात व पाक योग्य अवस्थेस आला की तो वाफ्यात ओतून थंड करतात. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. या परिसरातील पुरणपोळी, कडबू, नागपंचमीची दिंडे, संक्रांतीची गुळाची पोळी व तिळगूळ, खपली गव्हाची खीर हे पदार्थ गुळावर आधारलेले आहेत. काकवी तर पोळी-भाकरीबरोबर नुसतीच खाल्ली जाते.

गूळ काहीसा आम्लधर्मी असल्यामुळे उकळत्या दुधात घातल्यास दूध नासण्याचा संभव असतो. म्हणूनच गुळाच्या खिरीत दूध शेवटी, खीर निवल्यावर घालतात किंवा त्याऐवजी नारळाचे दूध वापरतात. बासुंदी, श्रीखंड, पेढा यांसारखे दुधाचे पदार्थ साखरेचे असण्यामागे रुचीइतकेच हेही कारण आहे. साखर महाग होती तोवर हे पदार्थ सधन घरांपुरते, देवस्थानांपुरते किंवा विशेष प्रसंगांपुरते राहिले. नरसोबाच्या वाडीचे पेढे व बासुंदी यांची ख्याती आजही टिकून आहे.

साखरेचा प्रसार : १९३२ मध्ये देशी साखरउद्योगास जकातीचे संरक्षण मिळाले व त्या दशकात अनेक कारखाने निघाले. कसबा बावडा येथील कारखानाही याच दशकातील असून पुढे त्याचे छत्रपती राजाराम सहकारी साखर कारखान्यात रूपांतर झाले. दुसऱ्या महायुद्धात व त्यानंतरही वेळोवेळी साखरेवर नियंत्रण होते. शिधापत्रिकेवर मिळणारी मोजकी साखर सणासाठी राखून ठेवणे हा गृहिणीच्या हिशेबाचा भाग होता. ज्या गावात साखर तयार होत होती, तेथील घरेही याला अपवाद नव्हती. १९६३ मध्ये कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ स्थापन झाला आणि दुधाच्या संकलनास संघटित रूप आले.

पाश्चात्त्य पद्धतीचे पदार्थ : गोव्यात पोर्तुगीज संपर्कातून अंडी, मैदा व नारळाचे दूध यांचा मेळ घालणारा बेबिंका रूढ झाला. घाटावरील शाकाहारी घरांत मात्र अंडे ही मोठी अडचण होती. तिच्यावर तोड परदेशातच निघालेली होती. ॲल्फ्रेड बर्ड या इंग्रज रसायनज्ञाने पत्नीला अंडे सोसत नसल्यामुळे १८३७ मध्ये पिष्टयुक्त, बिनअंड्याची कस्टर्ड पूड तयार केली. पिष्टकण गरम दुधात फुगून ते दाट करतात, त्यामुळे अंड्याची गरज उरत नाही. पुण्यात १९५६ मध्ये सुरू झालेल्या वीकफील्ड या उद्योगाने अशी पूड बाजारात आणली. दूध, साखर, पूड व हंगामी फळे एवढ्यावर होणारे फ्रूट कस्टर्ड यामुळे मध्यमवर्गीय घरांत सहज रुळले. चायना ग्रासचे पुडिंगही असेच शाकाहारी घरांना चालणारे होते.

केकसाठी लागणारी भट्टी घरोघरी नव्हती. नानकटाईचे पीठ घरी मळून पत्र्याच्या ताटांतून बेकरीत भाजून आणण्याची पद्धत होती. घरी जाड बुडाच्या पातेल्यात वाळू तापवून, पुढे प्रेशर कुकरची शिटी व रबरी कडे काढून त्यात पाण्याविना केक भाजत. अंड्याऐवजी दही व सोडा किंवा आटवलेले गोड दूध वापरले जाई.

या प्रसारास मुद्रित पाकग्रंथांनी हातभार लावला. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे सूपशास्त्र (१८७५) व लक्ष्मीबाई धुरंधर यांचे गृहिणीमित्र (१९१०) हे आरंभीचे ग्रंथ होत. कमलाबाई ओगले यांच्या रुचिरा (१९७०) या ग्रंथाने वाटी व चमचा यांच्या प्रमाणात कृती देऊन नवशिक्या गृहिणीचा मार्ग सुकर केला.

परिणाम : मोजमापाने होणारे पदार्थ पुस्तकावरून शिकता येतात. पाकाची एकतारी, दोनतारी व गोळीबंद अवस्था किंवा पुरण शिजल्याची खूण मात्र डोळ्यांनी व बोटांनी ओळखावी लागते. थोडा वेळ व थोडे साहाय्य असलेल्या घरांत सोपे पदार्थ प्रथम स्वीकारले गेले, यात परकीय रुचीच्या आकर्षणाइतकाच स्त्रियांच्या श्रमांचा प्रश्नही गुंतलेला होता. एकत्र कुटुंबात अनेक हातांनी होणारे अनारसे, चिरोटे व करंज्या आता बऱ्याच घरांत विकत आणले जातात. तथापि नवे पदार्थ मुख्यतः वाढदिवस व पाहुणचार यांपुरते राहिले असून नैवेद्याच्या पानात पुरणपोळीची जागा त्यांनी घेतलेली नाही. गुळाच्या पदार्थांचे भवितव्य मात्र केवळ सणांवर नव्हे, तर ते करण्याचे कौशल्य पुढच्या पिढीतील स्त्री-पुरुष दोघेही आत्मसात करतात की नाही, यावर अवलंबून आहे.