एका रात्रीचे उत्पन्न

वाचकहो, ‘मदतीचा खेळ’ हा शब्द आपल्याला नवा नाही. नाटक मंडळी गावात उतरावी, तिने चार-आठ खेळ करावेत आणि मुक्काम हलवण्यापूर्वी एका रात्रीचे उत्पन्न शाळेला किंवा वाचनालयाला द्यावे, असा जुन्या मंडळ्यांचा रिवाज होता. आज नाशिकात किंवा निफाड-सिन्नरकडे कुणी कर्करोगाच्या संशोधनासाठी गाण्याची वा नाटकाची रात्र योजतो, तेव्हा तो हाच रिवाज पुढे चालवीत असतो.

या रिवाजातली सर्वांत गाजलेली रात्र म्हणजे ८ जुलै १९२१ ची. आदल्या वर्षी, १ ऑगस्टला लोकमान्य टिळक गेले होते आणि त्यांच्या नावाने एक कोटी रुपयांचा स्वराज्य फंड उभारणे चालू होते. त्या फंडासाठी मुंबईत, बालीवाला थिएटरात ‘संयुक्त मानापमान’ झाले. नाटक खाडिलकरांचे, म्हणजे टिळकांच्याच सहकाऱ्याचे. भामिनी झाले बालगंधर्व आणि धैर्यधर झाले केशवराव भोसले. आता ‘गंधर्व’ आणि ‘ललितकलादर्श’ या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या. एकीचा चाहता दुसरीचे नाव काढू देत नसे! अशा दोन मालकांनी एका रंगभूमीवर उभे राहावे, ही गोष्टच तिकीट खपवायला पुरेशी होती. दर नेहमीपेक्षा पुष्कळ चढे ठेवले, तरी गर्दी लोटली. पुढे तीन महिनेही झाले नाहीत तोच, ४ ऑक्टोबरला, केशवराव वारले. मग तर त्या रात्रीची आठवण लोकांनी जपूनच ठेवली.

लोकांनी चढे दर दिले ते नुसत्या दयेपोटी नव्हे. त्यांना खेळही तोलामोलाचा मिळाला. मदतीचा कार्यक्रम आहे, तेव्हा कसाही चालेल, असे आपल्याकडे पुष्कळदा होते. आणि पुढच्या वर्षी त्याच गावात तिकिटे खपत नाहीत.

परंतु स्वराज्य फंडाला मुदत होती, एक आकडा गाठायचा होता. रोगाच्या संशोधनाचे तसे नाही. आज दिलेल्या औषधाने रोगी खरोखर बरा झाला की रोग पुन्हा उलटला, हे कळायलाच पाच-दहा वर्षे लागतात. तोवर प्रयोगशाळा चालली पाहिजे, माणसांचे पगार झाले पाहिजेत. एका रात्रीचा पैसा तिथे कितीसा पुरणार?

सर दोराबजी टाटांनी याचा विचार केलेला दिसतो. त्यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. दुसऱ्याच वर्षी त्यांनी पत्नीच्या नावाने विश्वस्तनिधी स्थापला आणि जून १९३२ मध्ये तेही गेले. या निधीची मुद्दल राखायची आणि उत्पन्न खर्चायचे. त्यातला चार-पंचमांश भाग जगात कुठेही चालणाऱ्या रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनाला आणि उरलेला भारतातील संशोधनाला द्यायचा, अशी वाटणी. तो निधी आजही चालू आहे. परळचे टाटा रुग्णालय दोराबजींच्याच दुसऱ्या विश्वस्तनिधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले.

टाटांची गोष्ट टाटांपाशी, असे तुम्ही म्हणाल. खरे आहे. पण मुद्दल आणि व्याज यांतला भेद पाचवी-सहावीच्या मुलालाही ठाऊक असतो. म्हणून शिक्षकबंधूंना माझे एवढेच सांगणे की, अशी रात्र योजाल तेव्हा तिकिटे छापण्याआधी संस्थेला विचारून घ्या: आमची रक्कम औषधोपचारावर खर्च होणार, की संशोधनाच्या कायम निधीत पडणार? दोन्ही कामे चांगलीच. पण देणाऱ्याला ते आधी कळले पाहिजे, म्हणून तिकिटावरच छापा. आणि मांडव, दिवे, ध्वनिक्षेपक, कलावंतांचा प्रवासखर्च वजा जाता काय उरले, तो हिशेब दुसऱ्या दिवशी शाळेच्या फळ्यावर लिहा.